लाराव्हेलची फॉर्म रिक्वेस्ट: ऑब्जेक्ट आधी जन्मतो, डेटा मागून येतो

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये फॉर्ममधून आलेला डेटा तपासणाऱ्या क्लासला फॉर्म रिक्वेस्ट म्हणतात. या क्लासमध्ये स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहा, त्यात आधी मूळ कन्स्ट्रक्टर बोलवा आणि मग 'ऑल' मेथडचं उत्तर छापून पाहा. ब्राउझरमधून तीस फील्ड भरून पाठवली असली तरी समोर रिकामा अ‍ॅरे येतो. तीच ओळ उचलून 'रूल्स' मेथडमध्ये ठेवा, तीसच्या तीस फील्ड हजर. मग कॅशे साफ करणं, कंपोझरचं ऑटोलोड पुन्हा बनवणं, सर्व्हर बंद-चालू करणं असे सगळे उपाय होतात. बिघाड मात्र कुठेच नसतो. या क्लासचा ऑब्जेक्ट रिकामाच जन्माला येतो आणि डेटा त्यात मागून ओतला जातो. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं तर या सुविधेबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. उरलेल्या निम्म्या खऱ्या आहेत.

फॉर्म रिक्वेस्ट लाराव्हेलमध्ये आली ती ५.० आवृत्तीबरोबर, फेब्रुवारी २०१५ मध्ये. इथलं परीक्षण १० ते १२ या आवृत्त्यांना धरून आहे. मूळ कल्पना सुटसुटीत आहे: कंट्रोलरच्या डोक्यावरचं व्हॅलिडेशन आणि परवानगीचं ओझं उतरवून एका वेगळ्या क्लासकडे द्यायचं. हा क्लास साधा नियमांचा कागद नाही, स्वतःच एक पूर्ण रिक्वेस्ट आहे. तो लाराव्हेलच्या रिक्वेस्ट क्लासचा वारस, आणि लाराव्हेलची रिक्वेस्ट ही सिम्फनी या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्कच्या 'एचटीटीपी फाउंडेशन'मधल्या रिक्वेस्टची वारस. म्हणजे तीन पिढ्यांचं घर. कोणती सवय कोणत्या पिढीची, हे ठाऊक नसलं की घोळ होतो.

आतमध्ये नेमकं काय घडतं

कंट्रोलरच्या मेथडला 'स्टोअर-ऑर्डर-रिक्वेस्ट' असा टाइप-हिंट दिला की सर्व्हिस कंटेनर (लागेल त्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवून देणारी लाराव्हेलची यंत्रणा) तो क्लास बनवायला घेतो. सिम्फनीच्या कन्स्ट्रक्टरला सात पॅरामीटर आहेत: क्वेरी, रिक्वेस्ट (म्हणजे पोस्टमधून आलेला भाग), अ‍ॅट्रिब्यूट्स, कुकीज, फाइल्स, सर्व्हर आणि कच्चा कन्टेन्ट. सातही जणांना डिफॉल्ट किंमत असल्याने कंटेनर ते तसेच सोडून देतो, आणि रिकामा ऑब्जेक्ट तयार होतो. कन्स्ट्रक्टरमधला रिकामा अ‍ॅरे तो हाच.

यानंतर कंटेनर 'रिझॉल्व्हिंग' हा कॉलबॅक चालवतो. फॉर्म रिक्वेस्टच्या सर्व्हिस प्रोव्हायडरने तो आधीच नोंदवून ठेवलेला असतो. त्यात 'क्रिएट-फ्रॉम' नावाची स्टॅटिक मेथड चालू असलेली खरी रिक्वेस्ट आणि हा नवा रिकामा ऑब्जेक्ट अशी दोघांना हातात घेते आणि नव्यावर 'इनिशिअलाइझ' ही सिम्फनीची मेथड त्याच सात गोष्टी देऊन बोलावते. फाइल्सच्या अ‍ॅरेमधून रिकाम्या नोंदी तेवढ्या गाळल्या जातात, कारण फाइल न निवडता पाठवलेलं फाइल-इनपुट नाहीतर उगाच आत आलं असतं. मग हेडर, भाषेची सेटिंग, जेसनची बॅग आणि असलं तर सेशन. शेवटी दोन क्लोजर: युजर कोण हे सांगणारा आणि सध्याचा राउट कोणता हे सांगणारा. यावर कंटेनर आणि रीडायरेक्टर टाचले जातात. जुन्या ५.० च्या काळात हेच काम प्रोव्हायडरच्याच 'इनिशिअलाइझ-रिक्वेस्ट' मेथडमध्ये होतं; पुढे ते रिक्वेस्ट क्लासमध्ये हलवलं गेलं. हा बदल चांगला झाला, कारण आता तेच यंत्र हाताने चालवता येतं.

सगळ्यात शेवटी 'आफ्टर-रिझॉल्व्हिंग' कॉलबॅक 'व्हॅलिडेट-रिझॉल्व्ह्ड' ही मेथड बोलावतो. व्हॅलिडेशन इथे होतं, कंट्रोलरची पहिली ओळ चालण्याच्या आधी. एकाच मेथडला दोन फॉर्म रिक्वेस्ट दिल्या तर दोन्ही पॅरामीटरच्या क्रमाने तपासल्या जातात, आणि पहिलीच नापास झाली तर दुसरीपर्यंत गाडी पोचत नाही.

कन्स्ट्रक्टर लिहूच नका, असा याचा अर्थ नाही. एखादी सर्व्हिस आत घ्यायची असेल तर कंटेनर ती देतो. पण त्याहून बरी सोय आधीपासून आहे: 'रूल्स' आणि 'ऑथराइझ' या दोन्ही मेथड कंटेनरमार्फतच बोलावल्या जातात, त्यामुळे हवा तो क्लास थेट त्यांच्या कंसात टाइप-हिंट करून मागता येतो. सात पॅरामीटरचा वारसा सांभाळत बसण्यापेक्षा हे सोपं. कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फॉर्म रिक्वेस्ट मागणं मात्र टाळाच. तिथे सेशन आणि लॉगिनची मिडलवेअर (कंट्रोलरच्या आधी रिक्वेस्टवर चालणारा कोड) अजून चाललेली नसण्याची शक्यता असते आणि युजर नल येतो.

कॉपी, मूळ आणि त्यांच्यातली दरी

मूळ रिक्वेस्ट आणि फॉर्म रिक्वेस्ट हे दोन वेगळे ऑब्जेक्ट आहेत. फॉर्म रिक्वेस्टमध्ये 'मर्ज' करून मोबाइल नंबरातली मोकळी जागा काढली, आणि नंतर एखाद्या सर्व्हिसमध्ये ग्लोबल 'रिक्वेस्ट' हेल्परने तोच नंबर मागितला, तर मोकळ्या जागांसकट जुना नंबर मिळतो. हेल्पर मूळ ऑब्जेक्टकडे पाहतो, सुधारणा कॉपीवर झालेली असते. तपासणीला नवा नंबर, डेटाबेसला जुना, आणि चूक कुठे लाल रंगात दिसत नाही. म्हणून फॉर्म रिक्वेस्ट वापरणाऱ्या टीमने एक शिस्त पाळावी: कंट्रोलरच्या पुढे फक्त 'व्हॅलिडेटेड' (नियमांतून पास झालेली फील्ड देणारी मेथड) हिचं उत्तर जाईल, हेल्परने कोणी काही उपसणार नाही.

या नियमाला एक फट आहे आणि ती त्रासदायक आहे. साध्या फॉर्मचा डेटा अ‍ॅरे म्हणून उतरवला जातो, पण जेसनची बॅग १० व्या आवृत्तीतही उतरवली न जाता तीच वस्तू पुढे सोपवली जाते. त्यामुळे जेसन रिक्वेस्टवर फॉर्म रिक्वेस्टमध्ये केलेलं मर्ज मूळ रिक्वेस्टमध्येही उमटतं. वेब फॉर्मवर वागणं एक, एपीआयवर दुसरं. एपीआयच्या टेस्ट हिरव्या आल्या म्हणून वेबचा फॉर्मही बरोबर चालेल हे गृहीत धरायची सोय नाही. हा या सुविधेतला सर्वांत कच्चा दुवा आहे.

कॉपीमुळे मेमरी दुप्पट लागेल ही भीती मात्र फुकाची. पीएचपीमध्ये अ‍ॅरे आणि स्ट्रिंग प्रत्यक्ष बदल होईपर्यंत वेगळ्या साठवल्या जात नाहीत. कॉपीचा एक छुपा फायदाही आहे. व्हॅलिडेशन नापास झालं की फॉर्मवर परत पाठवताना 'ओल्ड' इनपुट म्हणून मूळ रिक्वेस्टमधला मजकूर जातो. वेब फॉर्मवर तुम्ही आत काहीही उलथापालथ केली असली, तरी माणसाला त्याने टाइप केलेलंच परत दिसतं; ट्रिम आणि रिकाम्या स्ट्रिंगचं नल करणारी मिडलवेअर तेवढी मूळ रिक्वेस्टवर आधीच चाललेली असतात. उलट बाजूने पाहिलं तर तुम्ही फॉर्म रिक्वेस्टमध्ये नव्याने घातलेल्या किमतींना ही मिडलवेअर शिवत नाहीत. घालताना स्वतः ट्रिम करा.

क्रम, जो बहुतेकांना उलटा वाटतो

आधी परवानगी, मग डेटाची साफसफाई, मग नियम, असं सहज वाटतं. खरा क्रम असा: पहिली 'प्रिपेअर-फॉर-व्हॅलिडेशन', नंतर 'ऑथराइझ', मग नियम, आणि सगळं पास झालं तर 'पास्ड-व्हॅलिडेशन'. म्हणजे ज्याला ते पान उघडायचीही परवानगी नाही, त्याच्यासाठीही तयारीची मेथड चालते. त्यात डेटाबेसच्या चार क्वेरी किंवा बाहेरच्या सेवेला कॉल टाकला असेल तर परवानगी नसलेला माणूस तुमच्या सर्व्हरला फुकटात राबवतो. तयारीच्या मेथडमध्ये फक्त स्ट्रिंगची झाडलोट असावी, यापलीकडे काही नाही.

दुसरं म्हणजे, तिथे पोचलेल्या डेटाच्या प्रकाराची कोणतीच हमी नसते, कारण तपासणी व्हायचीच असते. पिनकोडच्या जागी कोणी मुद्दाम अ‍ॅरे पाठवला आणि तुम्ही त्यावर सरळ स्ट्रिंगचं फंक्शन चालवलं, की ४२२ (डेटा नापास) ऐवजी ५०० (सर्व्हरची चूक) येतो. आधी 'इज-स्ट्रिंग'ने पाहा, स्ट्रिंग नसेल तर हात लावू नका. पुढचा नियम त्याला पकडेल. न आलेली फील्डही जपा. मर्ज करताना ती नल म्हणून घातली गेली की 'समटाइम्स' (फील्ड आलं असेल तरच तपासा) हा नियम निकामी होतो, आणि पॅच रिक्वेस्टमध्ये न पाठवलेली माहिती नल होऊन जुन्या नोंदीवर बसते. 'हॅज'ची अट घाला. नुसती डिफॉल्ट किंमत द्यायची असेल तर 'मर्ज-इफ-मिसिंग' आहे.

'पास्ड-व्हॅलिडेशन'मध्ये मर्ज केलेली किंमत 'व्हॅलिडेटेड'मध्ये दिसत नाही, अशीही तक्रार नेहमी असते. 'व्हॅलिडेटेड' विचारतं व्हॅलिडेटरला, आणि व्हॅलिडेटरने आपला डेटा त्याआधीच उचललेला असतो. जे शेवटच्या निकालात हवं ते तयारीच्या मेथडमध्ये घाला आणि त्याला नियमही द्या. नियम नसलेली फील्ड 'व्हॅलिडेटेड' गाळून टाकतं. त्यातही एक पळवाट राहते. 'आयटम्स' या फील्डला नुसता 'अ‍ॅरे' नियम दिला आणि आतल्या कीजना काहीच दिला नाही, तर आतलं सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. 'अ‍ॅरे' नियमापुढे कोलन देऊन चालणाऱ्या कीजची नावं लिहा किंवा प्रत्येक आतल्या कीला नियम द्या.

आर्टिसनने (लाराव्हेलच्या कमांड-लाइन साधनाने) क्लास बनवला की 'ऑथराइझ' मेथड 'फॉल्स' परत करते. नवा फॉर्म पहिल्याच वेळी ४०३ (परवानगी नाही) देतो तो यामुळे. त्रास वाटला तरी ही निवड योग्य आहे. मेथड अख्खी काढून टाकली तर मात्र परवानगी आहे असंच धरलं जातं, म्हणून घाईत ती पुसून टाकण्याआधी राउटवर दुसरी राखण आहे का ते बघा.

नावांची टक्कर

हा भाग डॉक्युमेंटेशनमध्ये पुरेसा ठळक नाही, म्हणून इथे सविस्तर.

लाराव्हेलच्या रिक्वेस्टवर फील्डचं नाव प्रॉपर्टीसारखं लिहून किंमत घेता येते. ही जादू 'गेट' मॅजिक मेथडची: तिथे नाव आधी इनपुटमध्ये शोधलं जातं, नाही सापडलं तर राउटच्या पॅरामीटरमध्ये. पण मॅजिक मेथड तेव्हाच धावते, जेव्हा त्या नावाची खरी प्रॉपर्टी हाताला लागत नाही. सिम्फनीच्या रिक्वेस्टमध्ये 'कन्टेन्ट', 'मेथड', 'फॉरमॅट', 'लोकेल', 'सेशन' अशा प्रोटेक्टेड प्रॉपर्टी आहेत, आणि फॉर्म रिक्वेस्टने 'रीडायरेक्ट', 'व्हॅलिडेटर', 'कंटेनर' वगैरेंची भर घातली आहे.

आता ब्लॉगचा फॉर्म घ्या, लेखाच्या मजकुराचं फील्ड 'कन्टेन्ट'. कंट्रोलरमध्ये ही प्रॉपर्टी मागितली तर ती बाहेरून प्रोटेक्टेड असल्याने मॅजिक मेथड धावते आणि लेख मिळतो. तीच प्रॉपर्टी फॉर्म रिक्वेस्टच्या आत, तयारीच्या मेथडमध्ये मागा. वारसाला प्रोटेक्टेड प्रॉपर्टी सरळ दिसते, म्हणून लेखाऐवजी रिक्वेस्टची कच्ची बॉडी हाती येते. एकच ओळ, दोन ठिकाणी दोन उत्तरं. 'क्वेरी', 'फाइल्स', 'अ‍ॅट्रिब्यूट्स', 'हेडर्स' या तर पब्लिक प्रॉपर्टी, त्यामुळे सर्चच्या फील्डचं नाव 'क्वेरी' ठेवलंत तर आत काय आणि बाहेर काय, दोन्हीकडे बॅगच मिळणार. उपाय साधा आहे: फॉर्म रिक्वेस्टच्या आत प्रॉपर्टीची चाल बंद, सरळ 'इनपुट' मेथड.

याहून गंभीर प्रकार राउट मॉडेलचा. 'युजर' या नावाचा राउट पॅरामीटर आहे, आणि ईमेल युनिक आहे का हे पाहताना स्वतःची नोंद वगळण्यासाठी 'इग्नोर'ला प्रॉपर्टीच्या चालीने 'युजर' दिला. ब्राउझरने 'युजर' नावाचं जादा फील्ड बॉडीत पाठवलं की इनपुट आधी सापडतं आणि मॉडेलच्या जागी पाठवणाऱ्याची स्ट्रिंग 'इग्नोर'मध्ये जाते. बाहेरून आलेली किंमत 'इग्नोर'ला कधीही देऊ नका, त्यातून एसक्यूएल इंजेक्शन होऊ शकतं, असा इशारा लाराव्हेलचं डॉक्युमेंटेशनच देतं. म्हणून मॉडेल हवं तर 'राउट' मेथडला पॅरामीटरचं नाव देऊनच घ्या. चार अक्षरं जास्त टाइप होतील, होऊ देत. मॉडेल बांधणारी मिडलवेअर आधीच चाललेली असते, त्यामुळे तिथे तयार मॉडेलच मिळतं.

राउटचा पॅरामीटर 'ऑल'मध्ये येत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यालाही नियम लावायचा असेल तर तयारीच्या मेथडमध्ये मर्ज करा किंवा 'व्हॅलिडेशन-डेटा' ही मेथड ओव्हरराइड करून तिथे जोडा. दुसरा मार्ग अधिक स्वच्छ, कारण इनपुटच्या बॅगेला धक्का लागत नाही.

देवनागरी इनपुट आलं तर

मराठी फॉर्म बनवणाऱ्यांसाठी तयारीची मेथड फार कामाची आहे. फोनचा मराठी कीबोर्ड उघडा असला की माणूस पिनकोड '४११०३०' असा देवनागरी अंकांत देतो. माणसाच्या दृष्टीने काहीच चुकलं नाही, पण 'डिजिट्स' हा नियम फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो आणि 'न्युमेरिक'लाही हे अंक अंक वाटत नाहीत. तयारीच्या मेथडमध्ये दहा जोड्यांचा अ‍ॅरे देऊन 'एसटीआर-टीआर' चालवा. त्या फंक्शनचा दोन स्ट्रिंग देण्याचा प्रकार इथे वापरू नका. तो बाइटच्या हिशेबाने बदल करतो, आणि देवनागरी अंक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असल्याने कचरा हाती येतो.

नावाच्या फील्डसाठी 'अल्फा' नियम देवनागरी स्वीकारतो, काना-मात्रांसकट. मोकळी जागा मात्र त्याला चालत नाही, म्हणजे पहिलं नाव आणि आडनाव एका फील्डमध्ये असेल तर तो नको. स्ट्रिंगच्या 'मॅक्स'मध्ये युनिकोडचे कोडपॉइंट मोजले जातात. 'क्षितिज' हे डोळ्यांना तीन अक्षरांचं, लाराव्हेलला सातचं: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. इंग्रजी फॉर्मवरून उचललेली मर्यादा मराठीला तोकडी पडते ती इथे. स्लग बनवणार असाल तर आणखी जपून. 'स्लग' हेल्पर नेहमीच्या सेटिंगमध्ये देवनागरीचं रोमन करतो. भाषेच्या जागी नल दिलं तर लिपी टिकते, पण काना-मात्रा 'अक्षर' या वर्गात बसत नसल्याने गाळल्या जातात आणि 'मराठी'चं 'मरठ' होतं. मराठी स्लगसाठी स्वतःचं छोटं फंक्शन लिहिणंच बरं.

दोष फॉर्म रिक्वेस्टचा नाही, पण खापर तिच्यावर फुटतं

पुट रिक्वेस्टमधून मल्टिपार्ट फॉर्म पाठवला की सगळी फील्ड गायब असतात. पीएचपी आपणहून मल्टिपार्ट उलगडते ती फक्त पोस्टसाठी. पोस्टनेच पाठवा आणि अंडरस्कोरने सुरू होणारं 'मेथड' फील्ड जोडून त्यात पुट लिहा. पीएचपी ८.४ मध्ये बॉडी हाताने उलगडायचं वेगळं फंक्शन आलं आहे, पण त्यासाठी फॉर्म बदलायची घाई नको.

तीनशे ओळींचं बिल, प्रत्येक ओळीत चार फील्ड, आणि शेवटच्या ओळी पोचतच नाहीत: 'मॅक्स-इनपुट-व्हार्स' पाहा, डिफॉल्ट १००० आहे. फाइलच्या बाबतीत 'अपलोड-मॅक्स-फाइलसाइझ' २ एमबी आणि 'पोस्ट-मॅक्स-साइझ' ८ एमबी ही पीएचपीची डिफॉल्ट मर्यादा. पहिली ओलांडली तर फाइल अपलोड झाली नाही असा व्हॅलिडेशनचा निरोप येतो, मग तुमच्या नियमात मर्यादा कितीही मोठी लिहिलेली असो. दुसरी ओलांडली तर फॉर्म रिक्वेस्टपर्यंत प्रकरण पोचतच नाही, मिडलवेअर ४१३ देऊन दारातूनच परत पाठवते.

एपीआयला ४२२ ऐवजी ३०२ (दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट) येतो, आणि मोबाइल अ‍ॅपवाला म्हणतो की सर्व्हर होमपेजचं एचटीएमएल पाठवतोय. क्लायंटने 'अ‍ॅक्सेप्ट' हेडरमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन/जेसन' दिलेलं नसतं. पाठवलेला मजकूर जेसन असणं वेगळं आणि उत्तर जेसनमध्ये मागणं वेगळं. सगळे क्लायंट आपल्या ताब्यात नसतील तर 'फेल्ड-व्हॅलिडेशन' ओव्हरराइड करा, किंवा एपीआयच्या राउट ग्रुपवर ते हेडर बसवणारी छोटी मिडलवेअर लावा. दुसरा उपाय बरा, कारण तो चाळीस क्लासमध्ये परत परत लिहावा लागत नाही.

हाताने इनिशिअलाइझ करताना

युनिट टेस्टमध्ये नुसतं 'न्यू' करून 'व्हॅलिडेट-रिझॉल्व्ह्ड' बोलावलं की नलवर मेथड बोलावल्याची एरर येते. कंटेनर टाचलेला नसतो. तो दिला तर पुढची एरर रीडायरेक्टरची, यूआरएल जनरेटर मागताना. 'व्हॅलिडेटेड' आधीच मागितलं तर व्हॅलिडेटर नल. प्रत्येक एरर म्हणजे 'रिझॉल्व्हिंग' कॉलबॅकमधली एकेक पायरी राहिल्याची खूण आहे.

बरोबर क्रम असा. तुमच्याच क्लासवर स्टॅटिक 'क्रिएट' बोलावून पत्ता, मेथड आणि डेटा द्या. 'न्यू'ला अ‍ॅरे दिला तर तो पहिल्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे क्वेरीत जातो, हे विसरू नका. मग 'सेट-कंटेनर', 'सेट-रीडायरेक्टर'. त्यानंतर 'सेट-युजर-रिझॉल्व्हर'ला युजर परत देणारं क्लोजर. राउटचा पॅरामीटर लागत असेल तर एक राउट ऑब्जेक्ट बनवा, त्याला ही रिक्वेस्ट बाइंड करा, पॅरामीटरमध्ये मॉडेल ठेवा आणि 'सेट-राउट-रिझॉल्व्हर'मधून तो परत द्या. ही पायरी गाळली तर 'राउट' मेथड एररही न देता नल देते आणि परवानगीची टेस्ट भलत्याच कारणाने नापास होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पास होते. शेवटी 'व्हॅलिडेट-रिझॉल्व्ह्ड'.

एवढं करण्यापेक्षा फीचर टेस्टमधून खरी रिक्वेस्ट मारणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. मिडलवेअर, मॉडेल बाइंडिंग, सगळं त्यात आपोआप तपासलं जातं. हाताची पद्धत राखून ठेवावी ती नियमांच्या गुंतागुंतीच्या जोड्या तपासण्यापुरती.

शेजाऱ्यांकडे काय आहे

पायथनमधल्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्येही 'इनिशिअलाइझ-रिक्वेस्ट' नावाचीच मेथड आहे, 'डिस्पॅच'मधून चालणारी. पण तिथे कॉपी होत नाही. जँगोची मूळ रिक्वेस्ट नव्या ऑब्जेक्टच्या पोटात ठेवली जाते आणि बॉडी पहिल्यांदा मागितली जाईल तेव्हाच उलगडली जाते. रिक्वेस्ट आणि तपासणी या गोष्टीही वेगळ्या, तपासणीचं काम सिरिअलायझरचं. वर सांगितलेली नावांची टक्कर त्या रचनेत फारशी उद्भवत नाही.

सिम्फनीने ६.३ आवृत्तीत, २०२३ मध्ये, 'मॅप-रिक्वेस्ट-पेलोड' हे अ‍ॅट्रिब्यूट आणलं. डेटा साध्या, टाइप ठरलेल्या क्लासमध्ये भरला जातो आणि चूक असेल तर ४२२. त्या क्लासला रिक्वेस्ट काय असते हे माहीतही नसतं. रचनेच्या दृष्टीने हे लाराव्हेलपेक्षा नेटकं आहे. पण परवानगी, रीडायरेक्ट, जुनं इनपुट, एरर बॅग हे सगळं एका क्लासमध्ये तयार मिळणं ही फॉर्म रिक्वेस्टची ताकद आहे, आणि सर्व्हरवरच पानं बनवणाऱ्या वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी ती सोय अजूनही तोडीस तोड सापडत नाही. अशा कामाला फॉर्म रिक्वेस्ट बेलाशक घ्यावी.

तीच ऑर्डर वेब फॉर्म, एक्सेल इम्पोर्ट आणि रांगेतला जॉब अशा तीन वाटांनी येणार असेल, तर मात्र नियम फॉर्म रिक्वेस्टमध्ये अडकवू नका. आर्टिसन कमांडमध्ये हा क्लास कंटेनरकडून मागितला की व्हॅलिडेशन तिथल्या तिथे सुरू होतं, मूळ रिक्वेस्टमध्ये एकही फील्ड नसतं, आणि 'ऑथराइझ'मध्ये अडला नाही तर प्रत्येक 'रिक्वायर्ड' नियम नापास होऊन कमांड पहिल्याच ओळीत मोडते. नियमांचा अ‍ॅरे एका साध्या क्लासमध्ये ठेवा. फॉर्म रिक्वेस्टची 'रूल्स' मेथड तो तिथून घेईल, आणि इम्पोर्टवाला कोड व्हॅलिडेटर फॅक्टरीला तोच अ‍ॅरे एक्सेलच्या प्रत्येक ओळीबरोबर देईल.